वाचकांचे प्रश्न : कळते, पण जाणे होत नाही

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कर्करोग टाळणे आणि त्याची वेळेवर तपासणी करून घेणे याविषयीची आहेत. ती एका बैठकीत वाचताना लक्षात आले की 'कर्करोग कशाने होतो' असे विचारणारे पत्र त्यांत एकही नाही. तंबाखू वाईट आहे, गाठ अंगावर काढू नये, तपासणी करून घ्यावी हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोडे अडते ते त्यापुढे. म्हणून या अंकात तशी सहा पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका गावात आशा म्हणून काम करते. गेल्या महिन्यात आमच्या उपकेंद्रावर गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीचे शिबिर झाले. तिशीच्या पुढच्या ६४ बायकांची यादी करून मी प्रत्येकीच्या घरी गेले, आजार वाढलेल्या रुग्णांचे फोटो मोबाईलवर दाखवले, 'वेळेवर आला नाहीत तर असे होते' हेही सांगितले. सगळ्या 'येते ताई' म्हणाल्या आणि प्रत्यक्षात अकराच आल्या. माझे काय चुकले?

उत्तर : आधी त्या अकरा जणींबद्दल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या स्त्रियांना विचारले गेले, त्यांपैकी गर्भाशयमुखाची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाची, तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. तेव्हा ६४ पैकी अकरा ही संख्या लाज वाटण्यासारखी नाही, मात्र ती वाढू शकते हेही तितकेच खरे.

चूक असेल तर ती फोटोंची आहे. १९६५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. धनुर्वाताची लस घ्यावी यासाठी अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना माहितीपत्रके वाचायला दिली. काहींच्या पत्रकात अंगावर काटा येईल असे वर्णन होते, तर काहींच्या पत्रकात तीच माहिती सौम्य शब्दांत होती. भेदरलेल्या मुलांनी 'लस घेणार' असे अधिक ठामपणे सांगितले, परंतु प्रत्यक्ष लस घेण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पाडला तो भलत्याच गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना पत्रकाबरोबर विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा दिला होता, त्यावर दवाखान्याची जागा दाखवली होती आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात नेमके कधी जाता येईल ते बघून ठेवा, असे सांगितले होते. नकाशावाल्यांपैकी शंभरात २८ जणांनी लस घेतली, बाकीच्यांपैकी शंभरात तिघांनी. दवाखाना कुठे आहे हे त्या मुलांना नकाशावाचूनही ठाऊक होते. नकाशाने त्यांना नवी माहिती दिली नाही, 'कधीतरी' या शब्दाला वार आणि वेळ दिली.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणणे अशुभ मानतात, म्हणून 'येते' म्हणतात. तुमच्या बायकांचे 'येते ताई' हे बरेचसे त्याच जातीचे आहे, म्हणजे बोलणे सौजन्याने संपवण्याची ती रीत आहे. तो होकार समजून पुढच्या घरी जाण्याऐवजी उंबऱ्यावर आणखी तीन मिनिटे थांबा आणि विचारा, की मंगळवारी येणार तर स्वयंपाक उरकून दहाला येणार की रानातून परतल्यावर तीनला, धाकट्याला कोणाजवळ ठेवणार आणि बरोबर शेजारची येते का. ही उत्तरे तिने स्वतःच्या तोंडाने द्यायला हवीत, कारण तुम्ही ठरवून दिलेली वेळ ही तुमची वेळ असते. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करत नाहीत, त्यामुळे तारीख ठरवतानाच तेही विचारून घ्यावे. ऐन शिबिराच्या दिवशी पाळी आली म्हणून राहिलेली बाई दुसऱ्यांदा सहसा येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवू नये, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या वस्तीसाठी शिबिर दिवाळीनंतर ठेवणे म्हणजे ते ठेवले नाही असेच समजावे. हा शेवटचा निर्णय तुमच्या हातात नसतो, पण मासिक बैठकीत तो मुद्दा मांडणारी दुसरी व्यक्ती गावात नाही.

भीतीचे फोटो दाखवण्याऐवजी आत काय होते ते सांगा. टेबलावर झोपवतात, आतले दिसावे म्हणून एक उपकरण हलकेच बसवतात, गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ केलेले अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकातले व्हिनेगर, कापसाने लावतात, मिनिटभर थांबतात आणि तिथे पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. सुई नाही, टाका नाही, कापाकापी नाही. पाच-सात मिनिटांत बाई उठून घरी जाते. हे कोणी सांगत नाही, आणि जे सांगितले जात नाही त्या जागी माणूस आपल्या मनातले सर्वांत वाईट चित्र ठेवतो. मराठवाड्यात तर त्या चित्राला आधारही आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला होता, तेव्हा 'तपासायला गेले की पिशवीच काढतात' ही धास्ती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. तो विषय तुम्हीच आधी काढा. डाग दिसला तरी तो बहुतेक वेळा कर्करोग नसतो, कर्करोगाआधीची अवस्था असली तर तेवढीच जागा गोठवून किंवा उष्णता देऊन बरी करता येते, आणि त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

काही वर्षांपूर्वी एका उपकेंद्रावर अशाच शिबिरात मी बसलो होतो. एक बाई दाराशी उभी राहून पायातली चप्पल काढत होती आणि पुन्हा घालत होती. आतला पडदा दोन ठिकाणी फाटलेला होता आणि खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीपाशी दोन पुरुष तंबाखू मळत गप्पा मारत उभे होते. आम्ही आत बसून तिला तपासणीचे महत्त्व सांगत होतो. शेवटी नर्सबाई काही न बोलता उठल्या, त्यांनी खिडकीला चादर बांधली आणि त्या दोघांना पलीकडे पिटाळले. ती बाई आत आली आणि तिच्यामागून आणखी तिघी आल्या. आरोग्यवर्तनातील बदल या विषयावर मी पुढे पुष्कळ वाचले, तरी ती चादर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि तुमच्या जिल्ह्याविषयी एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास केला, आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच देऊ करण्यात आली, त्या गटात पुढील आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू, नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. जगभरची धोरणे ज्या पुराव्यावर उभी आहेत त्यांत तुमच्याकडच्या बायकांचा हा वाटा आहे. त्या गटातील दर दहांपैकी सुमारे आठ स्त्रिया तपासणीला आल्या होत्या, त्यामुळे 'आमच्याकडच्या बायका येतच नाहीत' हे कोणी म्हणाले तर त्यांना हे जरूर सांगा.

पुढच्या फेरीला एकटीने दारोदार फिरण्याऐवजी त्या अकरांपैकी दोघी-तिघींना बरोबर घ्या. 'मी जाऊन आले, काही कळलेसुद्धा नाही' हे वाक्य तुमच्या किंवा माझ्या तोंडून निघाले तर त्याला काडीची किंमत नाही. जावेच्या तोंडून निघाले तर आहे.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे आणि गावी असते. स्तनांची तपासणी करून घे म्हटले की 'मला काय धाड भरली आहे' असे म्हणते, आणि फारच मागे लागले तर 'नशिबात असेल ते चुकते का' असे म्हणते. फोनवर दरवेळी भांडण होते. आई स्वतःच्या स्वतः तपासून पाहील तेवढे पुरेल का?

उत्तर : तुमच्या आईंची ही दोन वाक्ये जपून ठेवण्यासारखी आहेत, कारण या विषयातला एक जुना आणि महत्त्वाचा सिद्धान्त नेमका याच दोन वाक्यांवर उभा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयासाठी छातीची एक्स-रे तपासणी सुरू होती आणि तरीही माणसे येत नव्हती. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी तीन शहरांत चौकशी केली. 'हा आजार मलाही होऊ शकतो' आणि 'लवकर कळल्याने फायदा होतो' या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी शंभरात ८२ जणांनी एक्स-रे काढला होता. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या, त्यांच्यापैकी २१ जणांनी. 'मला काय धाड भरली आहे' म्हणजे पहिली गोष्ट पटलेली नाही आणि 'नशिबात असेल ते' म्हणजे दुसरी. आपण मुले साधारणपणे पहिलीवरच भांडत बसतो, 'अगं, कोणालाही होऊ शकतो' असे बजावतो, आणि दुसरीला हात लावत नाही. मग भीती वाढते, मार्ग दिसत नाही, आणि माणूस विषयच बदलतो.

म्हणून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करा. आईंच्या ओळखीत, नात्यात किंवा गावात स्तनाच्या कर्करोगातून बरी होऊन पुन्हा हळदीकुंकवाला येणारी कोणी बाई असेलच. बहुधा तिच्याविषयी उघड बोलले जात नसेल, एवढेच. बरे झालेले गप्प राहतात आणि गेलेल्यांची चर्चा वर्षानुवर्षे चालते, म्हणून हा आजार आहे त्याहून अधिक असाध्य वाटतो. त्या बाईंची आणि आईंची गाठ घालून दिलीत तर तुमचे दहा फोन वाचतील.

स्वतः तपासण्याविषयी मला प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे आहे, कारण शिबिरांत ते फार ठोकून सांगितले जाते. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांमधील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. अर्ध्या स्त्रियांना स्वतःची तपासणी काळजीपूर्वक शिकवली, उजळणी करून घेतली, आणि दहा-अकरा वर्षांनी पाहिले तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच होते. त्यामुळे दर महिन्याला ठरल्या तारखेला ठरल्या पद्धतीनेच तपासले पाहिजे असा धाक आईंना घालू नका. आपले स्तन नेहमी कसे असतात याची ओळख असावी आणि त्यात बदल दिसला, म्हणजे गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड किंवा बोंडातून येणारे रक्त, तर आठवड्याच्या आत दाखवावे, एवढे पुरे. 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे मात्र घरातून हद्दपार करा. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

प्रशिक्षित हाताने केलेल्या तपासणीचा पुरावा याहून चांगला आहे, आणि तो मुंबईचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना वीस वर्षे अभ्यासात ठेवले, आणि त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये तसा ठळक लाभ दिसला नाही. आई ५८ वर्षांच्या आहेत, म्हणजे ज्या वयात फायदा स्पष्ट दिसला त्याच वयात. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, सोय जवळ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीही करावी. ती होईपर्यंत हाताची तपासणी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

शेवटचे म्हणजे, हे फोनवर होणार नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा 'तुला नेते' असे न म्हणता 'मला जायचे आहे, सोबत चल' असे म्हणून पाहा. आपल्याकडच्या आया स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, पण लेकीसोबत कुठेही येतात.

प्रश्न : वय ४४, एसटीत चालक आहे. वीस-बावीस वर्षे तंबाखू-चुना खातो, दिवसाला दोन पुड्या. तीन वेळा सोडली. सोडली की पोट साफ होत नाही, डोके जड होते, गाडी चालवताना चित्त ठिकाणावर राहत नाही. त्याऐवजी नुसती सुपारी चालेल का? तोंडाची तपासणी करायला भीती वाटते.

उत्तर : तीन वेळा सोडलीत याचा अर्थ तीन वेळा सराव झाला असा घ्या, कायमची सोडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती पहिल्या फटक्यात सुटते. पोट साफ न होणे हा मनाचा खेळ नाही. तंबाखूतील निकोटीन आतड्याला चालना देते आणि ते बंद झाले की काही दिवस बद्धकोष्ठ होते. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि काकडी-गाजर, आणि गरज पडली तर रात्री इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचे निभावते. चिडचिड आणि डोके जड होणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून सोडण्याचा दिवस लांब पल्ल्याच्या ड्यूटीला लागून ठेवू नका. दोन-तीन दिवसांच्या रजेच्या आदल्या संध्याकाळी ठरवा. वाईट दिवस घरी जातील, स्टिअरिंगवर जाणार नाहीत.

तलफ एकदा आली की साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काय करायचे हे तलफ आल्यावर ठरवता येत नाही, आधी ठरवावे लागते, आणि तेही मोघम नव्हे. स्वतःला तुम्ही सर्वांत चांगले ओळखता. पहिला बार कधी भरता? डेपोतून गाडी काढताना? मग 'चावी हातात घेतली की पाण्याचे चार घोट घेऊन तोंडात बडीशेप टाकायची' असे एक वाक्य तयार ठेवा. जेवणानंतर हात आपोआप तळव्यावर जातो का? मग जेवण झाले की लगेच दात घासायचे. थांब्यावर वाहक पुडी पुढे करतो का? त्यालाच आधी सांगून ठेवा, की महिनाभर मला देऊ नकोस. चुन्याची डबी टाकून द्या; ती खिशात राहिली तर तंबाखू कुणाच्याही हातून मिळते.

सुपारी मात्र नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तिने तोंड हळूहळू आक्रसत जाते, तिखट झोंबायला लागते, पुढे घासही नीट घेता येत नाही. मशेरीचेही तेच, घरात आई किंवा मंडळी मशेरी लावत असतील तर ती दात घासण्याची पूड नसून भाजलेली तंबाखू आहे, हे या निमित्ताने त्यांनाही सांगा.

निकोटीनचा च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून जीभेला चरचरले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, चरचर गेली की पुन्हा चावायचा. बार धरणाऱ्या माणसाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. त्याआधी पाव तास चहा घेऊ नये, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीची सरकारी विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिथे बोलणारा माणूस उपदेश न करता तुमच्याबरोबर तारीख ठरवतो.

आता तपासणीची भीती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी दर चौघांमागे एकाहून अधिक जण तंबाखू घेणारे आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य ती खाणारे किंवा लावणारे होते. म्हणून आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बहुधा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होतो, म्हणजे बार जिथे धरतात तिथेच. ती जागा आरशात दिसते, आणि आतड्याच्या किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगाला नसलेली सोय इथे आहे. उन्हात उभे राहून गाल बोटाने ओढून पाहा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी धरलेली तीन बोटे तोंडात न जाणे, यांपैकी काहीही असेल तर दंतवैद्याकडे किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अशाच साध्या, टॉर्चच्या उजेडात केलेल्या तपासणीने तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ साली सिद्ध झाले आहे. पांढऱ्या चट्ट्याच्या अवस्थेत तंबाखू सुटली तर पुष्कळदा चट्टाही मागे हटतो. ज्याला तुम्ही घाबरता तो निकाल बऱ्याचदा असा असतो.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यावी का? शेजारी म्हणतात, पुढे मूल होण्यात अडचण येते. आणि लस घेतली म्हणजे पुढची तपासणी टळेल ना?

उत्तर : द्यावी. नऊ ते चौदा हे वय त्यासाठी सर्वांत योग्य आहे. या वयात आपल्याकडे सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा देण्याची पद्धत आहे, आणि एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली म्हटले आहे. किती द्यायच्या ते तुमचे डॉक्टर सांगतील. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लसही आता मिळते. मूल होण्यावर या लसीचा परिणाम होत नाही. तपासणी मात्र टळत नाही, कारण लस कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या सगळ्याच एचपीव्ही प्रकारांवर काम करत नाही. आणि मुलीला लस देण्याच्या दिवशी आईने स्वतःची तपासणी करून घ्यावी असे मी नेहमी सुचवतो. दवाखान्यात आलेलेच असता.

प्रश्न : एका प्रयोगशाळेच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये कर्करोगाचे 'मार्कर' तपासून घेतले, सगळे ठीक आले. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसात कर्करोग शोधण्यासाठी रक्तातील हे मार्कर, म्हणजे काही कर्करोगांत वाढणारी द्रव्ये, भरवशाचे नाहीत. असलेला कर्करोग ते चुकवतात आणि नसलेल्याची शंका उभी करतात. त्या पैशांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी झाली असती, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) तर तिला पैसेही पडत नाहीत.

प्रश्न : वय ३९. दोन महिन्यांपूर्वी एचपीव्ही चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. पुढची तपासणी सांगितली होती, मी गेले नाही. अहवाल कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे. घरी कोणाला सांगितलेले नाही. हा शारीरिक संबंधातून येणारा विषाणू आहे असे वाचले, आता नवऱ्याला काय सांगू?

उत्तर : तुम्ही पत्र लिहिलेत म्हणजे अहवाल कपाटात असला तरी मनातून गेलेला नाही. त्या कागदावर कर्करोग लिहिलेला नाही, हे आधी पक्के करा. त्यावर एवढेच लिहिले आहे की त्या दिवशी विषाणू सापडला. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो, आणि तिथून कर्करोगापर्यंतचा प्रवासही बहुधा पंधरा-वीस वर्षांचा असतो. दोन महिने वाया गेले म्हणून हातची वेळ गेलेली नाही. मात्र तुम्ही कोणत्या गटात आहात हे पुढच्या तपासणीशिवाय कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत तुमची झोप उडालेलीच राहणार.

नवऱ्याविषयी. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की वैवाहिक आयुष्य जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो, आणि तो शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. त्यामुळे तो केव्हा आला आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो तुमच्या चारित्र्याचा दाखला नाही, तसाच त्यांच्याही नाही. सांगायचे असेल तर 'पिशवीच्या तोंडाच्या तपासणीत विषाणू सापडला आहे, पुढची तपासणी करायची आहे, सोबत या' एवढे पुरे आहे. हे बोलणे आज जमणारे नसेल तर त्यासाठी तपासणी अडवून ठेवू नका. बहीण, मैत्रीण, वहिनी, जिच्याशी मोकळे बोलता येते तिला सोबत घ्या.

पुढच्या तपासणीत भिंगाच्या यंत्रातून गर्भपिशवीचे तोंड मोठे करून पाहतात, त्याला कोल्पोस्कोपी म्हणतात. शंका आली तर भाताच्या शिताएवढा तुकडा काढतात. त्या वेळी चिमटा घेतल्यासारखे वाटते आणि दोन-चार दिवस थोडे लाल जाऊ शकते. गर्भवती असण्याची शक्यता असेल तर ते आधीच सांगा. डॉक्टरांना विचारण्यासारखे दोनच प्रश्न आहेत : आज काही दिसले का, आणि नसेल तर पुन्हा केव्हा यायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच कागदावर लिहून घ्या.

हे वाचून झाले की अहवाल साड्यांखालून काढून रोजच्या पर्समध्ये ठेवा. दिनदर्शिकेवर पुढच्या पाळीची अंदाजे तारीख पाहा आणि ती संपल्यानंतरच्या आठवड्यातला, दवाखाना चालू असतो असा एक वार निवडा. मग तुम्ही निवडलेल्या त्या बहिणीला किंवा मैत्रिणीला फोन करून त्या दिवशी सकाळी ती मोकळी आहे का एवढेच विचारा. कशासाठी ते भेटल्यावर सांगितले तरी चालेल.